मतभेदांचें शिक्षण

हल्लीं बहुतेक शाळांतून विद्यार्थ्यांना पुष्कळसें काम गटागटानें करावयास सांगतात. विज्ञान-प्रदर्शनासाठीं उपकरण तयार करणें, वर्गाचें हस्तलिखित काढणें, स्नेहसंमेलनांत नाटक बसविणें, गांवाची किंवा पेठेची पाहणी करून प्रकल्पाची वही लिहिणें, अशीं अनेक कामें चार-पांच अथवा सहा-सात मुलांमुलींच्या हातीं सोंपविण्यांत येतात. ही पद्धति चांगली आहे याविषयीं आम्हांस शंका नाहीं. मोठेपणीं बहुतेकांना दुसऱ्यांबरोबरच काम करावें लागतें. तेव्हां त्याची संवय शाळेंतच लागलेली बरी. पण गट पाडून दिले आणि ‘एकीनें वागा’ असा उपदेश केला कीं शिक्षकांचें काम संपलें, अशी जी समजूत जिकडे तिकडे दिसते, ती आम्हांस मान्य नाहीं. एकीनें काम कसें करावें हें शिकवावें लागतें. आणि मतें जुळत नसतांना एकत्र काम कसें करावें हें तर त्याहूनही अधिक शिकवावें लागतें. या दुसऱ्या विषयाला आमच्या शाळांच्या वेळापत्रकांत कोठेंच जागा नाहीं. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

भांडण टाळण्याचे दोन मार्ग आपल्याकडे रूढ आहेत. पहिला मार्ग सारख्यास सारखे मिळवून देण्याचा : मित्रांचा गट मित्रांचा, एका आळीचीं मुलें एकीकडे, वसतिगृहांतलीं दुसरीकडे, मुली निराळ्या. दुसरा मार्ग भांडण झालेंच तर तें दडपून टाकण्याचा : ‘गप्प बसा, नाहीं तर सर्वांचेच गुण कापूं.’ या दोन्ही मार्गांनीं वर्गांत शांतता राहते, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण ती शांतता किती महाग पडते, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं.

समजा, पांच विद्यार्थ्यांच्या एका गटाकडे गांवच्या ओढ्याची पाहणी करण्याचें काम आलें. एकाचें अक्षर मोत्यासारखें आहे. एकीस आकृत्या छान काढतां येतात. एकजण बोलण्यांत पटाईत आहे. एकीस प्रत्येक गोष्टीचें कारण विचारण्याची खोड आहे. आणि पांचवा मुलगा पाड्यावरून रोज त्याच ओढ्याच्या कांठानें शाळेस येतो. ओढा कोणत्या महिन्यांत आटतो, गुरें कोठें उतरतात, बायका धुणें कोठें धुतात आणि पिण्याचें पाणी कोठून भरतात, हें त्याला तोंडपाठ आहे. परंतु त्याची बोली शहरी मुलांहून निराळी. पहिल्या बैठकींत त्यानें दोन वाक्यें उच्चारलीं. त्यांतला एक शब्द कोणी तरी वेडावून म्हटला, आणि सगळे हंसले. त्या दिवसापासून तो मान हलविण्यापलीकडे कांहीं करीत नाहीं. पुढें वही सुरेख सजते, मुखपृष्ठावर रंगीत नकाशा येतो, आणि ‘या गटांत एकदांही तंटा झाला नाहीं’ म्हणून शाबासकीही मिळते. मात्र ओढ्याविषयीं जें सर्व पाड्याला ठाऊक आहे, तेवढेंच त्या वहींत नसतें. अशा एकीला एकी म्हणावें कीं एकाची मुस्कटदाबी म्हणावें, हें वाचकांनींच ठरवावें.

भांड्याला भांडें लागलें कीं आवाज व्हावयाचाच, ही म्हण आपण घरोघर ऐकतों. पण सर्व आवाज एका जातीचे नसतात. गटांतील तंटे बारकाईनें पाहिले तर ते तीन प्रकारचे आढळतात. पहिला प्रकार कामाविषयींचा : पाणी कोठें तपासावें, नाटकाचा शेवट कोणता ठेवावा, हस्तलिखितांत कोणता लेख घ्यावा व कोणता गाळावा. दुसरा प्रकार कामाच्या वांटणीविषयींचा : कोणीं किती करावयाचें, केव्हां करावयाचें, खर्च कोणीं सोसावयाचा, नांव कोणाचें आधीं लागावयाचें. तिसरा प्रकार माणसांविषयींचा : ‘तो शिष्ट आहे’, ‘ती पुढें पुढें करते’, ‘तुमच्याकडचे लोक असेच’. पहिल्या प्रकारचा वाद बेतानें चालला तर काम सुधारतें. तिसरा प्रकार काम बिघडवितो आणि माणसेंही बिघडवितो. या दोहोंतील भेद कोणाच्याही ध्यानांत येण्यासारखा आहे. दुसऱ्या प्रकाराकडे मात्र सर्वांचें दुर्लक्ष होतें, आणि आमच्या मतें बहुतेक कटुता तेथूनच उगवते. ज्या मुलानें रविवारीं चार तास बसून आकृति काढली, त्याला तो सर्व दिवस क्रिकेट खेळण्यांत घालविलेला सोबती सोमवारीं म्हणतो, ‘रंग जरा फिका झाला.’ वाद वरवर रंगाचा दिसतो. वस्तुतः तो त्या चार तासांचा असतो. त्याचा निकाल वेळेवर लागला नाहीं, तर आठ दिवसांनीं तोच वाद ‘तूं आळशी’ आणि ‘तूं गर्विष्ठ’ या भाषेंत बोलूं लागतो.

आतां दडपलेल्या मताविषयीं. सॉलोमन ॲश नांवाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९५१ सालीं व त्यानंतरच्या कांहीं वर्षांत एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजांतील कांहीं विद्यार्थ्यांना एकत्र बसवून त्यांना एक रेघ दाखवावयाची, आणि दुसऱ्या तीन रेघांपैकीं तिच्याएवढी कोणती तें एकेकास मोठ्यानें सांगावयास लावावयाचें. प्रश्न इतका सोपा कीं एकट्यास विचारला असतां कोणी क्वचितच चुकावा. पण गटांतील एका विद्यार्थ्याखेरीज बाकी सर्वांना आधींच पढवून ठेविलेलें असे. ठरलेल्या वेळीं ते सर्व एकमुखानें चुकीचें उत्तर देत. तेव्हां त्या एकट्या विद्यार्थ्याची उत्तरेंही सरासरीनें तीनांत एक या प्रमाणांत चुकलीं. रेघ त्याच्या डोळ्यांसमोर होती. तरी सर्वांविरुद्ध बोलण्याचें धैर्य त्याला प्रत्येक वेळीं झालें नाहीं. या प्रयोगाचा पुढील भाग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. पढविलेल्यांपैकीं एकानें जरी खरें उत्तर दिलें, तरी त्या विद्यार्थ्याच्या चुका एकदम पुष्कळ कमी होत. म्हणजे सत्य सांगणाऱ्यास बहुमताची गरज नसते. एक सोबती मिळाला तरी पुरे होतो. पांचामुखीं परमेश्वर असतो हें खरें. पण त्या पांचांपैकीं प्रत्येकाचें मुख मोकळें असेल तरच. चौघांनीं पांचव्याच्या तोंडाकडे पाहून बोलावयाचें असेल तर तेथें पांच मुखें नसून एकच मुख आहे असें समजावें.

यावर कोणी म्हणेल कीं, ‘निराळ्या घरचीं, निराळ्या बोलीचीं मुलें एकत्र आणलीं म्हणूनच हे प्रश्न उद्भवतात, सारख्यांचे गट केले तर तंटेच व्हावयाचे नाहींत.’ या समजुतीस अनुभवाचा आधार नाहीं. १९५४ सालच्या उन्हाळ्यांत अमेरिकेंतील ओक्लाहोमा राज्यांत रॉबर्स केव्ह या ठिकाणीं मुझफर शेरीफ व त्यांचे सहकारी यांनीं २२ मुलांची छावणी भरविली. हीं मुलें अकरा-बारा वर्षांचीं असून मुद्दाम एकसारखीं निवडलेलीं होतीं : एकाच वर्णाचीं, एकाच धर्मपंथाचीं, मध्यम स्थितींतील घरांतलीं, अभ्यासांतही साधारण बरोबरीचीं. त्यांचे दोन गट केले. एकानें आपलें नांव ईगल्स ठेविलें, दुसऱ्यानें रॅटलर्स. मग त्यांच्यामध्यें बक्षिसांचे सामने लाविले. थोड्याच दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळणें, खोल्यांवर हल्ले करणें, शिवीगाळ करणें येथपर्यंत मजल गेली. इतकीं सारखीं मुलें ! त्यांच्यांत भेद काय होता ? केवळ दोन नांवांचा आणि बक्षिसाच्या हांवेचा. प्रयोग करणाऱ्यांनींच त्या चुरशीला चिथावणी दिली होती, ही गोष्ट या प्रयोगावर टीका करणारे दाखवून देतात, आणि तें योग्यच आहे. पण त्यावरून आमचा मुद्दा अधिकच बळकट होतो. मुलांत वैर उत्पन्न करावयाचें असेल तर त्यांच्यांत मूळचे भेद असण्याचीही गरज पडत नाहीं. मोठ्या माणसांनीं मांडलेला खेळ पुरतो.

या प्रयोगाचा उत्तरार्ध शिक्षकांनीं विशेष लक्षांत ठेवण्यासारखा आहे. वैर घालविण्यासाठीं आधीं दोन्ही गटांना एकत्र जेवावयास बसविलें, एकत्र करमणूक दाखविली. परिणाम असा झाला कीं, त्यांनीं एकमेकांवर अन्न फेंकलें. नुसतें शेजारीं बसल्यानें मनें शेजारीं येत नाहींत. पुढें छावणीचें पाणी बंद पडलें, आणि दोष कोठें आहे तें दोन्ही गटांना मिळून शोधावें लागलें. एक चित्रपट आणण्यास पैसे कमी पडले, तेव्हां दोघांनींही वर्गणी काढली. सामान आणणारी मोटार चालू होईना, तेव्हां सर्वांनीं एकाच दोरानें ती ओढली. अशीं कामें एकामागून एक पडत गेलीं तसतशी कटुता ओसरली, आणि परत जातांना दोन्ही गट एकाच मोटारगाडींतून आनंदानें गेले. तात्पर्य, जें काम एकाच्यानें होणार नाहीं व जें सर्वांना खरोखर हवें आहे, असें काम देणें हेंच एकीचें औषध होय. उपदेश हें औषध नव्हे. चौघांनीं पाहत बसावें आणि एका हुशार मुलीनें घरीं नेऊन पुरें करावें, असल्या कामासाठीं गट पाडूंच नयेत.

आपल्या शाळांतून चालणाऱ्या स्काउट चळवळीचा आरंभही येथें आठवतो. १९०७ सालच्या ऑगस्टमध्यें इंग्लंडांतील ब्राउनसी बेटावर बेडन-पॉवेल यांनीं सुमारें वीस मुलांची पहिली छावणी केली. तींत श्रीमंतांच्या नामांकित शाळांतलीं मुलें होतीं आणि आसपासच्या गांवांतील कष्टकरी कुटुंबांतलीं मुलेंही होतीं. त्यांनीं या दोन प्रकारच्या मुलांच्या दोन तुकड्या केल्या नाहींत. चार लहान पथकें केलीं, त्यांत दोन्ही प्रकारचीं मुलें मिसळलीं, आणि प्रत्येक पथकाचा एक नायक नेमून त्याच्यावर जबाबदारी टाकली. त्या काळच्या इंग्लंडांत वर्गावर्गांमध्यें किती अंतर असे हें ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या साध्या वांटणीचें महत्त्व सांगावयास नको.

परंतु दूरचीं उदाहरणें कशाला ? आपल्याच देशांत सात जणांच्या एका गटानें केलेलें काम आज सर्वांच्या जीवनाचा पाया होऊन बसलें आहे. भारताच्या घटनेचा मसुदा तपासून सिद्ध करण्यासाठीं २९ ऑगस्ट १९४७ रोजीं घटनासमितीनें सात सभासदांची समिति नेमली. अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बाकीच्यांत मद्रासचे कायदेपंडित अल्लादि कृष्णस्वामी अय्यर, काश्मीर संस्थानचे पंतप्रधान राहिलेले गोपालस्वामी अय्यंगार, गुजराती साहित्यिक व वकील कन्हैयालाल मुन्शी, आसामचें मंत्रिमंडळ चालविलेले मुस्लिम लीगचे सय्यद महंमद सादुल्ला, बडोद्याचे दिवाण राहिलेले बी. एल. मित्तर, आणि डी. पी. खैतान. प्रांत निराळे, धर्म निराळे, पूर्वीचें राजकारण तर एकमेकांच्या विरुद्धही. सारख्यास सारखे मिळविण्याचा नियम तेथें लाविला असता तर ही समिति नेमलीच गेली नसती.

या समितीच्या मसुद्यावर घटनासमितींत जी चर्चा झाली, तींत सुमारें ७६३५ दुरुस्त्यांच्या सूचना आल्या आणि त्यांपैकीं २४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. प्रत्येक आक्षेप लेखी द्यावयाचा, तो सभेपुढें मांडावयाचा, त्यास उत्तर मिळावयाचें, आणि मग मत घ्यावयाचें, अशी रीत होती. आक्षेप घेणाऱ्यांत हरि विष्णु कामत होते, विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख होते, के. टी. शाह होते, हृदयनाथ कुंझरू होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजीं समारोपाचें भाषण करतांना डॉ. आंबेडकरांनीं या विरोधकांचीं नांवें घेऊन त्यांचे आभार मानले. सर्वच सभासद होकार देणारे असते तर सभेचें काम नीरस झालें असतें, आणि घटनेमागील तत्त्वें उलगडून सांगण्याची संधि आपणांस मिळाली नसती, अशा आशयाचें ते बोलले. त्या विरोधकांच्या सूचना आपण स्वीकारूं शकलों नाहीं, हेंही त्यांनीं सांगितलें. तरी आभार मानण्यांत कसर केली नाहीं. ज्याचें म्हणणें आपण मान्य केलें नाहीं त्याचेंही ऋण मानणें, हा आमच्या मतें गटकार्यांतील सर्वांत अवघड धडा आहे, आणि तो येथें भर सभेंत दिला गेला.

त्याच कामांतून दुसरीही एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सात जणांच्या समितीचा भार शेवटीं किती जणांनीं वाहिला ? ५ नोव्हेंबर १९४८ रोजीं टी. टी. कृष्णम्माचारी यांनीं सभागृहांत स्पष्ट सांगितलें कीं, सातांपैकीं एकानें राजीनामा दिला, एक वारला, एक अमेरिकेंत होता, एक संस्थानी कारभारांत गुंतलेला होता, एक-दोघे प्रकृतीमुळें दिल्लीपासून दूर होते. आणि मसुद्याचें ओझें अखेर डॉ. आंबेडकरांवर पडलें. शाळकरी गटांतील जुनीच तक्रार राष्ट्राच्या पायरीवरही आढळते, हें पाहून मुलांनीं समाधान मानूं नये. पण तेथें ही गोष्ट सर्वांसमक्ष उच्चारली गेली आणि ज्याचें श्रेय त्यास मिळालें, हें मात्र लक्षांत ठेवावें. वांटणी विषम झाली तर ती बोलून दाखवावी. मनांत कुढत बसूं नये.

आतां शाळेंत प्रत्यक्ष काय करतां येईल तें थोडक्यांत सांगतों. गट चार-पांचांचा असावा. आठ-दहांच्या गटांत लपावयास जागा फार होते. गट शिक्षकांनीं पाडावेत, आणि त्यांत बोली, वस्ती, घरची स्थिति व अभ्यासांतील गति यांचें मिश्रण राखावें. मात्र निराळ्या बोलीचें एकच मूल एका गटांत एकटें टाकूं नये. एक सोबती मिळाला म्हणजे तोंड उघडतें, हें वर सांगितलेंच आहे. पहिल्या बैठकींत कामाची वांटणी नांवानिशीं व तारखेनिशीं कागदावर लिहावी, आणि दर आठवड्यास तो कागद सर्वांनीं मिळून पाहावा. मत सांगण्याची पाळी सर्वांत कमी बोलणाऱ्यापासून सुरू करावी आणि गटनायकानें आपलें मत शेवटीं सांगावें. नाहीं तर बळी तो कान पिळी हा न्याय दोन मिनिटांत लागूं होतो. आक्षेप कामावर घ्यावा, माणसावर घेऊं नये. आणि आक्षेप घेणाऱ्यानें ‘मग काय करावें’ हेंही सांगावें. निर्णय झाला म्हणजे ज्याचें मत पडलें त्यानेंही मनापासून काम करावें. पण त्याचें मत वहींत नोंदलेलें असावें, कारण कित्येकदां तेंच पुढें खरें ठरतें. गटनायक प्रत्येक कामास बदलावा. गुणांपैकीं कांहीं भाग गटाला व कांहीं भाग ज्याच्या त्याच्या कामाला द्यावा.

एका गोष्टीची सूचना निराळी देणें अवश्य आहे. कोणाची जात, धर्म, गरिबी, रंग, अपंगत्व किंवा बोली काढून त्यास हिणविणें, हा मतभेद नव्हे. त्यावर चर्चा करावयाची नसते, मत घ्यावयाचें नसतें आणि ‘दोघांनींही समजुतीनें घ्या’ असें सांगावयाचें नसतें. तो अन्याय आहे, आणि तेथें शिक्षकांनीं तत्काळ मध्यें पडलें पाहिजे. मारणारा आणि मार खाणारा या दोघांना एकाच तराजूंत घालणें म्हणजे निःपक्षपात, अशी एक चमत्कारिक कल्पना कांहीं सज्जनांच्या मनांत असते. तिच्यामुळें दुबळ्या मुलांचें फार नुकसान झालें आहे. याखेरीजच्या तंट्यांत मात्र शिक्षकांनीं निकाल देण्याची घाई करूं नये. दोघांचें म्हणणें आधीं वेगवेगळें ऐकावें. मग प्रत्येकाला दुसऱ्याचें म्हणणें आपल्या शब्दांत, त्याला पटेल असें, सांगावयास लावावें. निम्मे तंटे येथेंच मिटण्यासारखे असतात, कारण दुसरा काय म्हणतो हें पुष्कळदां आपण ऐकलेलेंच नसतें.

‘एवढा वेळ कोठून आणावयाचा ? परीक्षा तोंडावर आलेली असते,’ हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे. त्यास उत्तर इतकेंच कीं, तंटा दडपण्यासही वेळ लागतो. फक्त तो वेळ पुढें, अधिक व्याजानें, द्यावा लागतो. ‘मुलांना वाद घालावयास शिकविलें तर शिस्त राहणार कशी ?’ असाही प्रश्न केला जातो. कबड्डीच्या मैदानाकडे पाहावें. खेळ चालू असतां सातही गड्यांनीं नायकाची खूण मानावयाची असते; तेथें वादविवाद चालत नाहीं. पण सामन्यापूर्वी व सामन्यानंतर जो नायक गड्यांचें ऐकून घेतो, त्याचीच खूण मैदानांत बिनतक्रार मानली जाते. बोलण्याची वेळ आणि ऐकण्याची वेळ ओळखणें हीच शिस्त. जेथें बोलण्याची वेळ कधींच येत नाहीं, तेथें शिस्त नसते. तेथें भीति असते, आणि भीति मास्तर वर्गाबाहेर जाईपर्यंतच टिकते.

आज या शाळेंत शिकणारीं मुलेंमुली उद्यां ग्रामपंचायतींत, सहकारी सोसायट्यांत, दवाखान्यांत, कचेऱ्यांत, कारखान्यांत आणि आपापल्या संसारांत लहान लहान गटांतच काम करतील. तेथें गट पाडून देणारे शिक्षक नसतील, आणि आपल्यासारखींच माणसें वांट्यास येतील अशी हमीही नसेल. व्यक्ति तितक्या प्रकृति. त्या सर्वांशीं जुळवून घेतांना स्वतःचें मत गिळावें लागूं नये आणि दुसऱ्याचें मत तुडविलें जाऊं नये, एवढी विद्या त्यांच्या गांठीं असली पाहिजे. आमच्या विद्यार्थी-वाचकांस विनंति अशी कीं, पुढच्या गटकामाच्या वेळीं जो सोबती अजून एकदांही बोललेला नाहीं, त्याच्याकडे वळून ‘तुला काय वाटतें ?’ असें त्यांनीं विचारावें, आणि त्याचें उत्तर पुरें होईपर्यंत थांबावें. शिक्षकांस विनंति अशी कीं, वही तपासतांना अक्षर व आकृत्या यांबरोबर, या वहींत कोणाचा आवाज उमटला आहे आणि कोणाचा नाहीं, हेंही त्यांनीं पाहावें.